बल्ब बदलूनही हेडलाइट पुन्हा पुन्हा जातो किंवा मंद पडतो? दोष असा शोधा

नवा बल्ब घातला, दोन महिने बरे गेले आणि पुन्हा त्याच बाजूचा दिवा गेला. किंवा बल्ब शाबूत आहे, पण उजेड पिवळट आणि क्षीण पडतो. समोरून गाडी आली की स्वतःच्या दिव्याचा पत्ताच लागत नाही. अशा वेळी तिसरा बल्ब आणण्याआधी मल्टीमीटर हातात घ्या. चांगल्या प्रतीचा बल्ब विनाकारण वरचेवर जळत नाही. त्याला व्होल्टेज जास्त मिळते, कमी मिळते, किंवा तो जिथे बसतो ती जागा बिघडलेली असते. यातले काय घडले आहे ते अर्ध्या तासात कळू शकते.

पुढे लो बीमला 'डिपर' आणि हाय बीमला 'अप्पर' हे गॅरेजमधले शब्द वापरले आहेत. बहुतेक माहिती हॅलोजन दिव्यांची आहे, कारण घरी दुरुस्त होण्याजोगे बिघाड त्यांच्यातच जास्त असतात. झेनॉन आणि कंपनीतून आलेल्या एलईडी दिव्यांचे वेगळे मुद्दे शेवटाकडे आहेत.

जळालेला बल्ब फेकू नका

काढलेला बल्ब उजेडात धरून नीट बघा. दिवा बंद करून किमान दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावरच तो काढा. हॅलोजनची काच काहीशे अंशांपर्यंत तापते आणि आतला वायू दाबाखाली असतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असलेला बरा.

काच स्वच्छ आहे आणि तार मधेच तुटली आहे, तर बल्ब आयुष्य संपून गेला असेल किंवा धक्क्यांनी गेला असेल. महिन्या-दोन महिन्यांत असे झाले तर धक्क्यांचाच संशय घ्या. बल्ब दाबून धरणारी स्प्रिंगची क्लिप वाकलेली असते, किंवा हेडलाइटचा एखादा माउंटिंग कान तुटून अख्खा दिवा खडखडत असतो. बॉनेट उघडून हेडलाइट हाताने हलवून बघा. तो हलला तर बल्ब कितीही महाग आणा, टिकणार नाही.

तार वितळून टोकाला बारीक गोळी झाली असेल तर व्होल्टेज जास्त मिळत असण्याची शक्यता मोठी. काच आतून पांढरट, दुधी झाली असेल तर बल्बमध्ये हवा शिरली आहे: तापलेल्या टंगस्टनचा हवेशी संयोग होऊन ती पांढरी भुकटी बसते. काचेला सूक्ष्म तडा गेला की असे होते. गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला तरी असा तडा जातो, तेव्हा हेडलाइटमध्ये पाणी शिरते का तेही तपासा. काचेवर फुगवटा किंवा खरबरीत डाग दिसला तर बोटाचा ठसा कारणीभूत. त्वचेवरचे तेल आणि क्षार क्वार्ट्झच्या काचेवर भाजले जातात, तेवढीच जागा जास्त तापते आणि काच तिथे कमकुवत होते. म्हणून नवा बल्ब धातूच्या बैठकीलाच धरायचा. चुकून काचेला हात लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळल्यावर बसवायचा.

काच आतून काळी-चंदेरी पडली असेल तर टंगस्टन काचेवर साचला आहे. हॅलोजन बल्बमध्ये तारेवरून उडालेला टंगस्टन आयोडीन किंवा ब्रोमीनशी जोडला जाऊन पुन्हा तारेवर परततो. पण त्यासाठी काच सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असावी लागते. व्होल्टेज सतत कमी मिळाले तर काच तेवढी तापत नाही आणि काळी पडू लागते. जुन्या बल्बमध्येही हे दिसते, पण बल्ब नवा असून काळवंडला तर वायरिंगकडे वळा.

आधी बॅटरीवर मोजा

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावे. मग इंजिन सुरू करून हेडलाइट लावा आणि इंजिन साधारण २००० आरपीएमवर धरा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसतात. नव्या गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या ताब्यात असतो, त्यामुळे आकडा थोडा खाली-वर होतो. तो दोष नाही.

आकडा सतत १५ च्या पुढे राहत असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग, बिघडला आहे. हॅलोजन बल्बला व्होल्टेजमधली थोडी वाढही फार जाचते: ५ टक्के जास्त व्होल्टेज मिळाले की त्याचे आयुष्य जवळपास अर्ध्यावर येते. दोन्ही बाजूंचे बल्ब आलटून पालटून जात असतील, बॅटरीतले पाणी लवकर आटत असेल, टेललाइटचे बल्बही टिकत नसतील, तर या आकड्यावर लक्ष ठेवा. रेग्युलेटर बदलल्याशिवाय बल्ब बदलण्यात अर्थ नाही.

उलट, इंजिन सुस्त असताना दिवे मंद आणि ॲक्सिलरेटर दाबला की लख्ख होत असतील, तर चार्जिंग कमी पडते आहे. बेल्ट सैल आहे का, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली आहे का, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड अर्थ केबल घट्ट आहे का, हे तीन मुद्दे आधी पाहा. अल्टरनेटर उघडायची वेळ त्यानंतर येते.

एकाच बाजूचा दिवा मंद: अर्थ आणि कपलर

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो या तक्रारीत, आणि त्याचे कारण मोजण्याची चुकीची पद्धत हे असते. लोक कपलर (बल्बच्या मागे लागणारा वायरींचा प्लास्टिकचा जोड) बल्बवरून काढतात, मीटरच्या पिना त्यात घालतात, १२.५ व्होल्ट दिसतात आणि 'सप्लाय ठीक आहे' म्हणून नवा बल्ब आणतात. कपलर मोकळा असताना वायरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातून, अगदी एका तंतूवर लटकलेल्या वायरमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसते. बल्ब जोडून दिवा लावला की ५५ वॅटचा बल्ब ४ अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढतो. समजा, जोडात ०.२५ ओहमचा अडथळा आहे. ४.२ अँपिअरला तिथेच एक व्होल्टहून जास्त खर्ची पडतो. हा अडथळा साध्या मीटरच्या ओहम रेंजवर धड दिसतही नाही.

म्हणून मोजमाप नेहमी दिवा चालू असताना, कपलर बल्बला लागलेला असताना करायचे. कपलरच्या मागच्या बाजूने, वायरच्या कडेने बारीक टाचणी किंवा मीटरची पातळ पिन आत सरकवा. वायरचे प्लास्टिक भोसकू नका; त्या छिद्रातून पुढे पाणी शिरते आणि आतले तांबे हिरवे पडते.

१. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी बल्बच्या अर्थ पिनवर. दिवा चालू. इथे ०.२ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवे. ०.५ किंवा त्याहून जास्त दिसले तर अर्थ खराब.

२. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी बल्बच्या सप्लाय पिनवर. इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालून जाते. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोष फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), लाइट स्विच किंवा वायरमध्ये.

३. इंजिन चालू ठेवून थेट बल्बच्या दोन पिनांमध्ये. बॅटरीवर १४.२ असेल तर इथे निदान १३.५ मिळावे. बल्बचे आकडे साधारणपणे १३.२ व्होल्टला मोजलेले असतात. त्याऐवजी १२ व्होल्टच पोचले तर उजेड पाव हिश्शाहून जास्त घटतो, कारण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पटीने वेगात पडतो. डोळ्यांना दिवा फक्त 'जरा पिवळा' वाटतो, पण रस्त्यावर पडणारा प्रकाश बराच कमी झालेला असतो.

अर्थ खराब निघाला तर त्या बाजूची अर्थ वायर कुठे जाते ते शोधा. ती बहुधा हेडलाइटच्या मागे, रेडिएटरच्या चौकटीला किंवा बॅटरीच्या ट्रेजवळ बॉडीला बोल्टने लावलेली असते. बोल्ट काढा, वायरच्या टोकाचा धातूचा गोल लग आणि बॉडीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलिनचा हात फिरवा. रंगावर लग आवळून ठेवला तर अर्थ मिळत नाही. अपघातानंतर रंगकाम झालेल्या गाड्यांत ही चूक हमखास सापडते.

एच४ बल्बमध्ये अर्थ तुटल्याची एक खूण फार उपयोगी आहे. या बल्बला तीन पिना असतात: डिपर, अप्पर आणि दोघांची सामाईक अर्थ. ती अर्थ सुटली की डिपरच्या तारेतून आलेला करंट अप्परच्या तारेतून उलटा जातो आणि दुसऱ्या बाजूच्या हेडलाइटमार्फत अर्थ शोधतो. परिणामी, बिघडलेल्या बाजूच्या दोन्ही तारा एकदम, अगदी मंद पेटतात आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही पुसटसा उजळतो. असे दिसले की बल्बला हात न लावता थेट अर्थ तपासा. हेडलाइटची अर्थ इंडिकेटरबरोबर एकत्र असेल तर इंडिकेटर चालू असताना हेडलाइटही त्याच ठेक्यात मिणमिणतो.

एक सावधगिरी: काही गाड्यांत, विशेषतः काही जुन्या जपानी रचनांत, एच४ च्या सामाईक पिनवर कायम पॉझिटिव्ह असतो आणि स्विच अर्थच्या बाजूला बसवलेला असतो. तिथे वरची मोजमापे उलटी येतात. मोजण्याआधी सामाईक पिनवर काय आहे ते पाहून घ्या, नाहीतर चांगली वायर कापली जाईल.

कपलर वितळणे

कपलरचे प्लास्टिक तपकिरी झाले आहे, एखादी पिन काळी पडली आहे किंवा बल्ब काढताना प्लास्टिक तुकड्यांत निघते. अशा कपलरमध्ये नवा बल्ब घालणे म्हणजे तो बल्ब वाया घालवणे. आतली पत्र्याची क्लिप तापून तापून मऊ झालेली असते, पकड सैल पडते, सैल पकडीमुळे अडथळा वाढतो आणि अडथळ्यामुळे आणखी उष्णता. हे चक्र घासून-पुसून थांबत नाही. कपलर बदलावाच लागतो, आणि बदलताना सिरॅमिकचा घेतला तर उष्णता जास्त सोसतो. नव्या कपलरच्या वायरी जुन्या वायरीला जोडताना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. क्रिम्प करा किंवा सोल्डर करा, वरून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. जुनी वायर टोकाला काळी पडली असेल तर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापत जा.

कपलर वितळण्यामागे बऱ्याचदा जास्त वॅटचे बल्ब असतात. एच४ ची मूळ रचना ६०/५५ वॅटची आहे. तिथे १००/९० वॅटचा बल्ब घातला की करंट जवळपास पावणेदोन पट होतो, आणि गाडीची वायर, स्विच, कपलर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. त्यात वायरमध्ये व्होल्टेज इतके पडते की वाढीव वॅटचा बराच भाग रस्त्यावर पोचतच नाही. उष्णतेने रिफ्लेक्टरचा मुलामा उडतो तो तोटा वेगळा.

दोन्ही दिवे मंद, गाडी जुनी

जुन्या अनेक गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट बॅटरीपासून इग्निशन स्विच, मग स्टिअरिंगजवळचा लाइट स्विच, मग डिपरचा स्विच असा फिरून बल्बपर्यंत जातो. ०.७५ चौरस मिलिमीटरची ५ मीटर वायर धरली तर तिचा अडथळा सुमारे ०.१२ ओहम होतो. दोन्ही बल्बांचे मिळून साडेआठ अँपिअर त्यातून वाहताना एक व्होल्ट वायरमध्येच जातो. स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट त्यात आपली भर घालतात. वायर नवी असली तरी हे चुकत नाही.

यावर खात्रीचा उपाय रिलेचा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि बॅटरीपासून एका वितीच्या आत तिच्यावर फ्यूज बसवा. डिपरला एक आणि अप्परला एक असे ३० अँपिअरचे दोन रिले लागतात. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचा सप्लाय, ८७ वरून बल्बकडे, आणि ८५-८६ या कॉइलच्या पिनांपैकी एकीवर हेडलाइटची जुनी वायर, दुसरीवर अर्थ. म्हणजे जुनी वायर आणि स्विच फक्त रिलेची कॉइल चालवतात, तिला पाव अँपिअरही लागत नाही. बल्बच्या अर्थ वायरीही त्याच जाडीच्या करा. सप्लाय सुधारून अर्थ तशीच ठेवली तर अर्धेच काम होते. सामाईक पिनवर पॉझिटिव्ह असलेल्या गाड्यांना मात्र ही जोडणी जशीच्या तशी चालत नाही.

नुसत्या रिलेने उजेड इतका सुधारतो की जास्त वॅटच्या बल्बची ओढ राहत नाही. जुनी गाडी रात्री चालवणाऱ्याने दिव्यांवर एकदाच खर्च करायचा ठरवला तर तो इथे करावा.

फ्यूज वारंवार उडतो

एकच बल्ब घातल्या घातल्या फ्यूज उडाला तर आधी तो बल्ब बाजूला ठेवून नवा फ्यूज लावून बघा. क्वचित बल्बच आतून शॉर्ट झालेला असतो. बल्ब न लावताही फ्यूज उडत असेल तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. हेडलाइटच्या मागचे वळण, बंपरच्या ब्रॅकेटची धार, बॅटरीच्या ट्रेची कड आणि रेडिएटरच्या पंख्याची चौकट, एवढ्या ठिकाणी वायरीवरचे वेष्टन घासलेले सापडते. खड्ड्यातून जातानाच फ्यूज उडत असेल तर दिवा चालू ठेवून वायरींचा जुडगा हाताने थोडा थोडा हलवत पुढे जा.

ब्लेड फ्यूजचा रंग आकडा सांगतो: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. उडालेल्या लालच्या जागी पिवळा बसवायचा नाही. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की पुढच्या वेळी वायर जळते, आणि ती वायर बाकीच्या वायरींच्या जुडग्यात असते.

दोन्ही डिपर एकदम गेले, अप्पर चालू

बहुतेक वेळा एक बल्ब आधीच गेलेला असतो आणि दुसरा गेल्यावरच लक्षात येते. म्हणून आधी दोन्ही बल्ब तपासा. सुट्या बल्बच्या पिनांमध्ये ओहम रेंजवर एक ओहमच्या आतला आकडा दिसला तर तार शाबूत आहे. बल्ब ठीक असतील तर फ्यूज पाहा. अनेक गाड्यांत डावा-उजवा वेगळा फ्यूज असतो, त्यामुळे दोन्ही एकदम उडणे विरळा. त्यानंतर रिले. हॉर्नचा किंवा दुसऱ्या कशाचा तोच क्रमांक असलेला रिले शेजारीच असेल तर अदलाबदल करा. पाच सेकंदांत उत्तर मिळते. रिले 'टक' वाजतो पण दिवा लागत नाही, तर कॉइल ठीक आहे आणि आतले कॉन्टॅक्ट जळाले आहेत. वाजतच नाही, तर स्विचकडून कॉइलला सप्लाय येतो का ते ८५-८६ वर मोजा.

वीस-पंचवीस मिनिटे चालल्यावर दिवे जातात आणि थोड्या वेळाने आपोआप येतात, ही तक्रार सहसा उष्णतेने सुटणाऱ्या जोडाची असते: रिलेच्या आतला सोल्डरचा सांधा, स्विचचा झिजलेला कॉन्टॅक्ट किंवा फ्यूज बॉक्समधली सैल क्लिप. दिवे जातील त्या क्षणी फ्यूज आणि रिलेला बोट लावून बघा. जो इतरांपेक्षा कडक तापला आहे तिथून सुरुवात करा.

अनेक नव्या गाड्यांत रिले नसतो, बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला संगणक, थेट बल्ब चालवते. ते करंट वेगाने चालू-बंद करून बल्बला हवे तेवढेच व्होल्टेज देते, त्यामुळे साध्या मीटरवरचा आकडा कमी किंवा अस्थिर दिसू शकतो. शॉर्ट वारंवार झाला तर काही गाड्यांत मॉड्यूल तो मार्ग कायमचा बंद करून ठेवते. शॉर्ट दुरुस्त केल्यावरही दिवा लागत नसेल तर स्कॅनर लावून कोड काढावा लागतो. अशा गाडीत टेस्ट लॅम्पने चाचपडत बसू नका.

आत वाफ किंवा पाणी

पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर काचेच्या कोपऱ्यात पातळ धुके धरले आणि दिवे लावून गाडी चालवल्यावर ते विरले, तर काही करू नका. हेडलाइटला श्वास घ्यायला छिद्रे ठेवलेली असतात, ती मुद्दामच असतात. एलईडीच्या काचेला उष्णता कमी मिळते म्हणून तिथे धुके जास्त वेळ टिकते.

थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचले असेल तर मात्र गळती आहे. सर्वात आधी मागचे रबरी झाकण बघा. बल्ब बदलताना ते तिरके बसले किंवा काढून तसेच राहिले, हे सर्वात जास्त आढळणारे कारण. मग हवेच्या नळीत चिखल किंवा किड्याचे घर आहे का, काचेला तडा आहे का, काच आणि मागच्या घराच्या सांध्यातले सीलंट सुटले आहे का. वाळवण्यासाठी झाकण काढून हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून द्या. पाणी निघावे म्हणून तळाला भोक पाडू नका. त्यातून धूळ आणि आणखी पाणी येते. सांधा भरायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे नको. त्यातल्या ॲसिडच्या वाफेने रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर खराब होतो. डब्यावर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेले घ्या.

रिफ्लेक्टर एकदा राखाडी झाला किंवा त्याचे पापुद्रे सुटले की तो परत येत नाही. आतून कापड फिरवण्याचा मोह टाळा. मुलामा इतका पातळ असतो की तो कापडाबरोबर निघतो. व्होल्टेज बरोबर, बल्ब नवा, काच स्वच्छ आणि तरी उजेड नाही, तर रिफ्लेक्टर संपला आहे आणि अख्खा हेडलाइट बदलायला हवा.

पिवळी पडलेली काच

ही काच नसून पॉलिकार्बोनेट असते. तिच्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा कडक थर असतो. तो उन्हाने मेला की खालचे प्लास्टिक पिवळे आणि खरबरीत होते. काच ओली करून बघा. पाणी टाकल्यावर स्वच्छ दिसली तर खराबी बाहेरून आहे आणि काम जमेल. ओली करूनही आत बारीक भेगांचे जाळे दिसले तर घासून उपयोग नाही.

भोवतालच्या रंगाला दोन पदरी मास्किंग टेप लावा. साबणाचे पाणी मारत ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे घासा. सुरुवातीला पिवळसर दूध निघते. ते पांढरे होईपर्यंत हाच पेपर ठेवा, कारण मेलेला थर पूर्ण निघाला नाही तर शेवटी ढगाळ चट्टे राहतात. मग १००० ने उभे, १५०० ने आडवे, २००० ने उभे. दिशा बदलल्याने आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. इथे दोन वाटा फुटतात. वरून स्प्रेचा अतिनील-रोधक क्लिअर कोट मारणार असाल तर आरशासारखे पॉलिश करू नका, कोटाला पकड लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि डब्यावर सांगितलेल्या अंतराने दोन पातळ हात द्या. पुसून लावायचे कोटिंग असेल तर ३००० चा पेपर आणि पॉलिशिंग कंपाउंडपर्यंत जा. मशीन एका जागी धरू नका, प्लास्टिक वितळून लाटा पडतात.

कोटिंग टाळलेत तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. टूथपेस्टने होते ते फक्त वरवरचे पॉलिश, तेही थोड्या दिवसांचे. मच्छर पळवण्याचे औषध चोळायचा उपाय तर घातक आहे: त्यातले डीईईटी प्लास्टिक विरघळवते, तेवढ्यापुरती चमक येते आणि मग भेगा पडतात. पेट्रोल आणि ॲसिटोनही तितकेच वाईट.

हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब

लुकलुकणे, डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना, रेडिओत खरखर आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येणारा झोत, या चारही तक्रारी बहुधा बाहेरून घातलेल्या एलईडी बल्बच्या असतात. हॅलोजनचा रिफ्लेक्टर ठरावीक जागी असलेल्या, ठरावीक लांबीच्या तारेसाठी आखलेला असतो. एलईडीची चिप मिलिमीटरभर जरी पुढे-मागे असली तरी झोताची वरची कड फाटते. एकेरी तारेच्या बल्बच्या जागी, म्हणजे एच७ किंवा एच११, एलईडी घातला असेल तर चिपा डावी-उजवीकडे तोंड करून आहेत का ते बघा. कॉलर फिरवून ते जुळवता येते. दिवा लागतच नसेल तर पिना उलट्या करून लावा, एलईडीला पोलॅरिटी लागते.

लुकलुकण्याचे कारण वर सांगितलेले मॉड्यूलचे वेगवान चालू-बंद, आणि सूचनेचे कारण कमी करंट. त्यासाठी मिळणारा, जादा करंट ओढून दाखवणारा डमी लोड रेझिस्टर भट्टीसारखा तापतो. तो प्लास्टिकला किंवा वायरींना न टेकवता उघड्या धातूवर बसवावा लागतो. खरे सांगायचे तर ही सगळी मलमपट्टी करण्यापेक्षा चांगला हॅलोजन बल्ब आणि पूर्ण व्होल्टेज बरे. बऱ्याच देशांत हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या दिव्यात असा बल्ब घालणे नियमाबाहेरही आहे.

झेनॉन आणि कंपनीचे एलईडी

झेनॉन पेटवताना २०,००० व्होल्टच्या पुढचा झटका लागतो. दिवा बंद, किल्ली बाहेर आणि काही मिनिटे गेल्याशिवाय मागचे झाकण उघडू नका. उजेड गुलाबी-जांभळा होऊ लागला किंवा पेटून काही मिनिटांनी विझून पुन्हा लावल्यावर येऊ लागला, तर बल्ब म्हातारा झाला आहे. डावा-उजवा बल्ब अदलाबदल करा. तक्रार बल्बबरोबर सरकली तर बल्ब, तिथेच राहिली तर बॅलास्ट (झेनॉन पेटवणारा आणि चालवणारा डबा) किंवा त्याचा सप्लाय. डी१एस आणि डी३एस दिसायला सारखे, पण पहिला ८५ व्होल्टवर चालतो आणि दुसरा ४२ वर; एकाच्या जागी दुसरा चालत नाही. बल्ब जोडीनेच बदला, नाहीतर दोन बाजूंचे रंग वेगळे दिसतात.

कंपनीच्या एलईडीत बल्ब नसतो. फ्यूज, कपलरवरचा सप्लाय आणि अर्थ एवढे तपासा. ते ठीक असतील तर दोष ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये किंवा आतल्या बोर्डवर आहे. मॉड्यूल अनेकदा बाहेरून स्क्रूने लावलेले असते आणि वेगळे मिळते, म्हणून अख्खा हेडलाइट मागवण्याआधी ते विचारून घ्या.

झोत जुळवल्याशिवाय काम संपत नाही

बल्ब बदलल्यावर झोत वाकडा किंवा विस्कटलेला दिसला तर आधी बैठक बघा. एच४ च्या तीन कानांपैकी एक रुंद असतो. तो त्याच्या खाचेत गेला नाही तर बल्ब तिरका बसतो आणि स्क्रू कितीही फिरवले तरी कड सरळ होत नाही. बल्ब नीट बसला असेल तरच स्क्रूला हात लावा.

चारही टायरांत बरोबर हवा भरा, डिकीतला जड माल काढा, चालकाच्या जागी कुणाला तरी बसवा आणि डॅशबोर्डवरचे उंचीचे चाक ० वर ठेवा. सपाट जागी गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि दोन्ही हेडलाइटच्या मध्यबिंदूंची उंची भिंतीवर खुणेने नोंदवा. आता गाडी सरळ मागे घ्या. काचेपासून भिंतीपर्यंत ५ मीटर अंतर ठेवा. अनेक हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर झोताचा उतार टक्क्यांत दिलेला असतो. १ टक्का असेल तर ५ मीटरवर कड खुणेच्या ५ सेंटिमीटर खाली यायला हवी, १.२ असेल तर ६ सेंटिमीटर. एक हेडलाइट कापडाने झाकून दुसरा जुळवा. हॅलोजनवर कापड जास्त वेळ ठेवू नका, काच तापते. उंचीचा स्क्रू पाव-पाव फेरी फिरवा, मग बाजूचा, मग पुन्हा उंची बघा, कारण काही दिव्यांत एक हलवला की दुसरा थोडा सरकतो. कडेची वर चढणारी बाजू रस्त्याच्या कडेकडे असावी, समोरून येणाऱ्या वाहनांकडे नाही. दोन्ही झाल्यावर गाडी थोडी चालवून आणून त्याच जागी उभी करा आणि खुणा पुन्हा पडताळा. सस्पेन्शन बसले की एखादा सेंटिमीटर फरक पडतो.